शिशिराचा खोकला



चैत्र निम्मा उलटून गेल्यावर शिशिरातल्या आरोग्यावर बोलायला उभे राहणे म्हणजे वरातीमागून घोडे आणणे होय. संयोजकांनी विषय सुचविला तेव्हा मी त्यांना तसे म्हणालोही. पण घरी जाऊन गर्द्यांचे ‘सार्थ वाग्भट’ उघडले आणि माझा आक्षेप मागे घेतला. ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. शिशिरात शरीरात कफ साठतो आणि वसंताचे ऊन लागले की तो पातळ होऊन बाहेर पडू लागतो व भूक मंद करतो, असे वाग्भटाचे म्हणणे. म्हणजे माघ-फाल्गुनाचा हिशेब चैत्रात चुकता होतो. तेव्हा आजचा दिवस अगदीच चुकलेला नाही.

मी वैद्य नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. त्यामुळे औषधाचा विषय निघाला की मला आधी औषध घेणारा माणूस दिसतो, आणि तो किती वाजता कामावर जातो हे विचारावेसे वाटते.

आपल्या घरांतली शिशिरचर्या खरे पाहता फार शहाणपणाची आहे. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा घातलेली भाजी. दुसऱ्या दिवशी तीळगूळ. थंडीत भूक चांगली लागते, अंग कोरडे पडते, म्हणून स्निग्ध आणि उष्ण खावे, अंगाला तिळाचे तेल लावावे, हा ग्रंथातला उपदेश बायकांनी ग्रंथ न उघडता सणात बसवून टाकला. पुढे शेवगा फुलतो, त्या फुलांची भाजी होते. हादग्याच्या फुलांचीही होते. पलीकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पळस आणि काटेसावर पेटतात. आणि पाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला व फुले, ओवा, जिरे, हिंग, भिजवलेली डाळ आणि गूळ असा तो कडू-गोड गोळा. जड आणि गोड खाण्याचे दिवस संपले याची ती नोटीसच म्हणा ना!

वसंतासाठी वाग्भट हलके, जुने धान्य सांगतो. सुंठीचे किंवा नागरमोथ्याचे उकळलेले पाणी, मध घातलेले पाणी, व्यायाम सांगतो. दिवसा झोपणे वर्ज्य म्हणतो. आणि दुपार कशी घालवावी? तर मित्रमंडळींसह, कोकिळांचे कूजन चाललेल्या गार उपवनात. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले आणि नंतर आले नाही. माझे वडील त्या वेळी एका गोदामावर रात्रीचे पहारेकरी होते. दिवसा झोपले नाहीत तर त्यांनी झोपावे केव्हा? आज या सभेतल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी रात्रपाळीला जातो. इमारतीच्या फाटकावर, इस्पितळात, विमानतळावर. वाग्भटाचा मी अधिक्षेप करीत नाही. त्याने लिहिले ते ज्याची दुपार ज्याच्या मालकीची आहे त्याच्यासाठी लिहिले, एवढेच.

आता मी माझ्या घरची गोष्ट सांगतो, कारण त्या गोष्टीसाठीच मी हा विषय पत्करला.

आम्ही तेव्हा लालबागला चाळीत राहत होतो. चारकोपला आलो ते नंतर. जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे लहान लहान भूखंड पाडले तेव्हा. वडील गिरणीत, पिंजण्याच्या खात्यात. तिथे कापसाची पूड हवेत सदैव तरंगत असे. घरी येत तेव्हा भुवयाही पांढऱ्या झालेल्या असत. थंडी सुरू झाली की त्यांना खोकला लागे. आई गावाहून आलेल्या कोणाकडून अडुळशाची पाने मागवी, दोन पेले पाण्यात अर्धे होईपर्यंत उकळी, त्यात सुंठ आणि गूळ घाली. खोकला थोडा सैल होई आणि पुन्हा लागे. आम्ही सगळे म्हणायचो, शिशिराचा खोकला आहे, ऋतू बदलला की जाईल.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. मी बारा वर्षांचा होतो. ऐन थंडीचे दिवस. वडील घरी बसले, आणि तीन-चार आठवड्यांत त्यांचा खोकला जवळजवळ थांबला. अडुळशाचा डबा तसाच फडताळात राहिला. आई म्हणाली, यंदा काढा गुणाला आला. काढा तर त्या वर्षी दोनदासुद्धा झाला नव्हता! घरात गूळ आणायची पंचाईत होती. पण कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उपासमारीच्या काळजीत खोकल्याकडे कोण पाहतो?

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी वडिलांना तपासले आणि एकच प्रश्न विचारला: “गिरणीत असताना कोणत्या वारी जास्त त्रास व्हायचा?” वडील पटकन म्हणाले, “सोमवारी.” रविवारी सुट्टी, सोमवारी छाती आवळल्यासारखी, मग आठवडाभर हळूहळू उतार. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, बिसिनोसिस. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग. सुरुवातीला धुळीपासून दूर गेले की बरे वाटते. वर्षानुवर्षे तिथेच राहिले तर तो कायमचा होतो. नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत त्याचे नाव आहे. आमच्या चाळीतल्या कोणाला ते ठाऊक नव्हते. संपाचे नेते दत्ता सामंत स्वतः डॉक्टर होते हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

खोकला ऋतूचा नव्हता, वाराचा होता. पंचांगात पाहायचा तो हजेरीपटात पाहायला हवा होता.

म्हणून अडुळसा खोटा ठरतो काय? मुळीच नाही. अडुळशात वासिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्याच धाग्याने जाऊन रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनविले, आणि ते आजही खोकल्याच्या कित्येक औषधांत असते. आईचा काढा कफ सैल करीत होता, त्याचे काम तेवढेच होते. धूळ थांबविण्याचे काम काढ्याचे नव्हे.

हे मी मोठेपणी दुसऱ्यांदा शिकलो. इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी धातूला पॉलिश करण्याच्या खात्यात होतो. धुळीवर उतारा म्हणून मालक दर शनिवारी गूळ वाटीत असे. आम्ही धूळ ओढणारा पंखा मागितला. मालकाने गूळ दुप्पट केला. पंखा बसायला अकरा महिने लागले, आणि त्यासाठी आम्हाला सहा शनिवार गूळ परत करावा लागला. गूळ नाकारणारे कामगार मालकाने आयुष्यात प्रथमच पाहिले असावेत. (तो गूळ कोल्हापुरी होता, हे परत करताना जास्त जाणवले.)

आता काही कामाच्या गोष्टी. साध्या सर्दीला ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगावी. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्या. आले, तुळस आणि गवती चहा उकळून घ्यावा. यांत बरे वाटते आणि खर्च नाही. मात्र एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध चाटवू नका, आणि गरोदर बाईला अडुळसा देऊ नका. तो गर्भाशयावर परिणाम करतो. झाडपाला निरुपद्रवीच असतो हा समजही टाकून द्या. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेल उकळली जात होती. 2021 साली मुंबईतल्याच डॉक्टरांनी, गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवून प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मानले नाही; वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचे खरे धरले तरी प्रश्न उरतोच. बाजारातल्या जुडीत काय बांधले आहे हे आपल्यापैकी किती जणांना ओळखता येते?

आणि दोन आठवडे खोकला राहिला तर काढ्याचे भांडे खाली ठेवा आणि महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतात. “थंडीचा आहे, जाईल,” हे वाक्य मी ज्या घरांत ऐकले त्यांतल्या काही घरांत मी पुढे खांदा द्यायला गेलो आहे.

डॉक्टरकडे गेलात तर आपण काय काम करतो ते न विचारताही सांगा. फर्निचरचे लाकूड घासतो, फरशी कापतो, बांधकामावर सिमेंट कालवतो, मैद्याच्या धुरळ्यात पाव भाजतो. खोकला कोणत्या वारी वाढतो, रजेवर गावी गेल्यावर कमी होतो का, हे आठवून ठेवा. घरच्या बायकांना ते सहसा बिनचूक ठाऊक असते. माझ्या आईलाही ठाऊक असणार. दर सोमवारी रात्री ती वडिलांच्या उशाखाली आणखी एक उशी सरकवीत असे, आणि ती सोमवारीच का, असे तिला कोणी विचारले नाही. मीसुद्धा.

एक शेवटची सूचना. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला गोणपाटात गवती चहाचे ठोंब आणले आहेत. आमच्या चौकात त्याचे रान माजले आहे. ज्यांना हवे त्यांनी एकेक घेऊन जावे. पाऊस पडेपर्यंत सावलीत ठेवा आणि रोज पाणी घाला. अडुळशाच्या फांद्या आज आणल्या नाहीत. त्या मृगात लावायच्या. तेव्हा घरी या, देईन.