रक्त फुकट, तपासणी विकत



बाळंतिणीच्या अंगावरून फार रक्त गेलं, तर तिला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. रक्त कारखान्यात होत नाही. ते माणसानेच द्यायचं. पैसे घेऊन रक्त द्यायला आपल्या देशात १९९८ सालापासून बंदी आहे.

मग रक्तपेढीला पैसे कशाला हवेत? पिशवी विकत आणावी लागते. हिवताप, कावीळ, गरमी, एड्स यांची तपासणी करावी लागते. न तपासलेलं रक्त जीव वाचवील, पण रोगही देईल. शिवाय ते थंड राखावं लागतं. तरी ते सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही.

आम्ही आंजर्लेकर कड्यावरच्या गणपतीच्या उत्सवाला वर्गणी देतो. तशीच थोडी रक्तपेढीलाही देऊ या. धडधाकट असेल त्याने रक्त द्यावं. ज्याला ते जमत नाही, त्याने पैसे द्यावेत. दोघांचं पुण्य सारखंच.