परवाना थांबतो तेव्हा

(बेंगळुरूमध्ये मराठी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टरवर तक्रार आली, चौकशी चालू आहे, तोवर त्याला काम करू द्यायचं का? या शहरात हा प्रश्न कर्नाटक मेडिकल कौन्सिलपुढे येतो, आपल्या गावाकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलपुढे. 2002 च्या नियमावलीतली 8.4 आणि 8.5 ही कलमं वाचून ठेवा. तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावायचा. आणि तोवर, ज्या उपचाराबद्दल तक्रार आहे तो करण्यापासून डॉक्टरला थांबवता येतं. तेवढ्यापुरतंच, कारण दोष अजून ठरलेला नसतो. ब्रिटनमध्ये यासाठी वेगळं न्यायाधिकरण बसतं. तेही खरं-खोटं ठरवत नाही, धोका किती ते पाहतं. आपल्या कलमांत धोका कसा मोजायचा याबद्दल शब्दही नाही.

आता डॉ. पायल तडवी आठवा. जळगाव जिल्ह्यातली तडवी भिल्ल मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 ला ती गेली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आहे. 8.5 उपचारांबद्दल बोलतं, सहकाऱ्याच्या छळाबद्दल नाही. त्यामुळे परवान्याचा प्रश्न जामिनाच्या अटींतून आला. ऑगस्ट 2019 मध्ये उच्च न्यायालयानं जामीन देताना परवाने स्थगित ठेवले, फेब्रुवारी 2020 मध्ये ती अट काढली. 8 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना उरलेल्या शिक्षणासाठी त्याच कॉलेजात परतू दिलं. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे त्यामागचं तत्त्व.

परवाना परत मिळणं मला मान्य आहे. त्याच वॉर्डात परतणं नाही. साक्षीदारांवर दबाव आणू नये अशी अट घातली, ठीक. पण तिथं रात्रपाळी करणाऱ्या पुढच्या आदिवासी मुलीला काय वाटेल, हे कुणी मोजलं?

तरीही 'परवाने सरसकट थांबवा' अशी मागणी करताना जरा थांबा. उद्या तुम्ही डॉक्टर व्हाल. 'कोट्यातला आहे' असं कुजबुजणाऱ्यांचीच तक्रार तुमच्यावर येईल, तेव्हा 'तेवढ्यापुरतंच' हा शब्द तुम्हालाच वाचवेल. 2019 च्या कायद्याचं कलम 30 सांगतं, कारवाईआधी डॉक्टरचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. त्यातली अपिलाची वाट मात्र डॉक्टरला आहे, रुग्णाला नाही.

म्हणून तक्रार लेखी द्या, पोच घ्या. निकालापर्यंत नेमकं काय थांबवायचं आणि का, ते त्याच अर्जात लिहा.