तोंडी परीक्षा आणि यंत्राचा कान



'कामगार आणि यंत्र' असा विषय असता तर आम्ही तासभर सहज बोललो असतो. पण आज विषय शाळेचा आहे. मुलांना भाषा बोलता येते की नाही, हे यंत्राने तपासावे काय? आम्ही सातवीपर्यंत शिकलेले. पुढचे शिक्षण उद्यमनगरातल्या फौंड्रीत, गेटसभांत आणि वाचनालयात झाले. तरी या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांला आहे, कारण तोंडी परीक्षेचा मार आम्ही खाल्लेला आहे.

चौथीत असताना गुरुजींनी उभे करून धडा वाचायला लावला. आम्ही 'पाणी'ला 'पानी' म्हणालो. वर्ग हसला, गुरुजीही हसले. त्यानंतर शाळेत आम्ही आपण होऊन तोंड उघडले नाही. जीभ सुटली ती कितीतरी वर्षांनी, एका संपात, कारखान्याच्या फाटकापुढे. तिथे शे-दोनशे माणसे ऐकत होती, आणि 'पानी' म्हणजे काय हे कुणाला विचारावे लागले नाही.

तेव्हा माणसाचा कान न्यायी आणि यंत्राचा तेवढा अन्यायी, असे आम्ही म्हणणार नाही. दहावीची तोंडी परीक्षा कशी चालते हे आपणांस ठाऊक आहेच. चाळीस मिनिटांचा तास, साठ मुले. पोर दोन वाक्ये बोलते आणि वीसपैकी अठरा गुण घेऊन जागेवर बसते. हे गुण खिरापतीसारखे वाटले जातात अशी ओरड झाली, म्हणून 2018-19 साली मंडळाने भाषेचे तोंडीचे वीस गुण काढून टाकले. 2018 साली 89.41 टक्के लागलेला निकाल 2019 साली 77.10 वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही बदलला होता, तेव्हा सगळा दोष वीस गुणांवर घालता येणार नाही. पण पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. गुण गेले आणि आले. मूल बोलायला शिकले काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

आता यंत्र म्हणते, मी ऐकतो. त्याची रीत समजून घ्यावी. मूल फोनपुढे बोलते. यंत्र त्या आवाजाची अक्षरे करते, मग मिनिटाला किती शब्द आले, कुठे थांबले, उच्चार जुळला की नाही, हे मोजते. जुळला म्हणजे कशाशी? ज्या हजारो आवाजांवर ते शिकवले गेले त्यांच्याशी. परदेशी शिक्षणासाठी आपली मुले टोफेल नावाची परीक्षा देतात. त्यात 2005 सालापासून उत्तरे मायक्रोफोनात बोलून द्यायची सोय आली, आणि 2019 पासून त्या बोलण्याला गुण देताना माणसाच्या जोडीला यंत्रही बसवले गेले. त्यात फायदा आहे. यंत्र थकत नाही, हसत नाही, आणि साठाव्या मुलालाही पहिल्याइतकाच वेळ देते. भित्र्या मुलाला घरी बसून दहा वेळा सराव करता येतो. हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण कानाला सवय कुणाच्या आवाजाची, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत 2020 साली पाच बड्या कंपन्यांची अशी यंत्रे तपासली गेली. गोऱ्या माणसांचे शंभर शब्द ऐकताना यंत्राच्या सरासरी 19 चुका झाल्या, काळ्या माणसांचे शंभर शब्द ऐकताना 35. बोलणाऱ्यांची इंग्रजी मोडकी नव्हती. यंत्राने तिला कधी पुरेसे ऐकलेच नव्हते. आता आपल्या घरी या. आमच्या कोल्हापुरात बाई माणूसही 'मी आलो, मी जातो' म्हणते. सीमेवरच्या मराठीत कानडीचा हेल आहे. चंदगडची मराठी निराळी, मालवणची निराळी. पुस्तकी आवाजावर वाढलेल्या कानाला ही सगळी मुले चुकीचीच वाटणार.

आमच्या युनियनच्या कचेरीत एका मोल्डरची मुलगी संध्याकाळी फोनवर वाचनाचा सराव करते. एके दिवशी यंत्राने तिचा एकच शब्द चार वेळा नाकारला. पाचव्या वेळी ती बोललीच नाही. आम्हांला आमची चौथी आठवली. फरक इतकाच, की तिला कुणी हसले नव्हते. तरी ती गप्प झाली.

मग यंत्र फोडावे काय? मुळीच नाही. 1928 साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला, तो मागावर राग म्हणून नव्हे. दोनाऐवजी तीन साचे एकाच माणसाच्या गळ्यात घालण्याविरुद्ध केला. आणि आमच्या जिल्ह्यातला ऊसवालाही वजनकाटा नको म्हणत नाही. तो म्हणतो, काटामारी नको. आकडा मला दिसू द्या, आणि शंका आली तर दुसऱ्या काट्यावर वजन करू द्या.

तेच न्याय आम्ही शाळेसाठी मागतो. पहिले, यंत्राने सराव घ्यावा, पण नापास करू नये; शेवटचा गुण शिक्षकाने द्यावा. दुसरे, मुलाचा आवाज जपून ठेवावा, पालकांना ऐकू द्यावा, फेरतपासणी मागता यावी; आणि तो आवाज दुसऱ्या कोणत्याही कामाला विकला जाऊ नये. तिसरे, ज्या भागातली मुले, त्या भागातले आवाज यंत्राला आधी ऐकवावेत. चौथे, यंत्र आले म्हणून शिक्षक कमी करू नयेत. यंत्राला शब्द मोजता येतात. मुलाने प्रश्न विचारला, दुसऱ्याचे ऐकून घेतले, पटले नाही तेव्हा 'नाही' म्हटले, हेही बोलणेच आहे. ते समजून घ्यायला समोर माणूस लागतो.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ज्यांच्या घरी पुस्तक नव्हते त्यांची मुले शाळेत यावीत म्हणून केले. ती मुले आपली भाषा घेऊनच शाळेत येणार. तिला प्रमाण भाषेची जोड जरूर द्यावी. आम्हीही ती कष्टाने शिकलो. पण जोड देणे निराळे आणि तोंड बंद करणे निराळे.

शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत व्यवस्थापन समिती नेमली आहे, आणि तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आहे. असे यंत्र आपल्या शाळेत येईल त्या दिवशी त्या समितीत उभे राहून एकच प्रश्न विचारा: याने आमच्या पोरांसारखी पोरे कधी ऐकली आहेत काय? विचारताना आपला उच्चार चुकेल, अशी भीती बाळगू नका.