वाक्य बदललं, मग काय बदललं?

कोकणापासून गडचिरोलीपर्यंतच्या शाळांतून इथे आलेल्या इंग्रजीच्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

मी मराठीतच बोलणार आहे. ज्या वर्गांची मला काळजी आहे ते मराठी माध्यमाचे वर्ग आहेत, आणि तिथे इंग्रजीचा तास मराठीला टेकूनच उभा राहतो. विषयही एकच घेतो. प्रश्नपत्रिकेत 'डू ॲज डिरेक्टेड' या मथळ्याखाली येणारं वाक्यरूपांतर. चेंज द व्हॉइस, रिमूव्ह 'टू', चेंज द डिग्री, यूज 'नो सूनर… दॅन'. एवढ्या मोठ्या संमेलनात एका गुणाच्या प्रश्नांवर बोलायचं का, असं काहींना वाटेल. पण आठवी ते बारावी आपल्या वर्गांतला व्याकरणाचा बराचसा वेळ याच सरावात जातो. मुलांच्या आयुष्यातला एवढा वेळ आपण घेतो, तर त्याचा हिशोब द्यायला हवा.

या सरावाबद्दल आपल्यात दोन मतं आहेत. काहींना तो गुणांची हमी वाटतो, म्हणून ते सूत्रं पाठ करून घेतात. काहींना तो जुनाट वाटतो, टाकून द्यावासा वाटतो. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर प्रकल्पात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये व्याकरणाचे नियम न शिकवता, मुलांचं लक्ष अर्थावर ठेवून, कामं सोडवून घेत इंग्रजी शिकवलं. त्या प्रयोगाबद्दल मला फार आदर आहे. पण त्यातून 'वाक्यरूपांतर वाईट' असा निष्कर्ष निघत नाही. वर्गातून अर्थ हद्दपार झाला की कोणताही सराव वाईट होतो, एवढंच निघतं. वाक्यरूपांतर मी टाकू देणार नाही. ते आपण ज्या रीतीने करून घेतो, ती रीत मात्र मला बदलायची आहे.

हा सराव आपल्याकडे आला तो नेसफिल्डच्या व्याकरणातून, आणि पुढे रेन अँड मार्टिनच्या जाडजूड पुस्तकातून. रेन अँड मार्टिनमध्ये 'ट्रान्सफॉर्मेशन'चं आणि 'सिंथेसिस'चं अशी वेगवेगळी प्रकरणं आहेत. रूपांतराचा हेतू तिथे स्पष्ट आहे: एकच गोष्ट अनेक परींनी सांगता यावी, लिहिण्यात विविधता यावी. हेतू लेखनाचा होता. आपल्या वर्गात पुस्तकातली उदाहरणं राहिली, हेतू गळून पडला. याच महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पद्धत आज कुणी आदर्श म्हणणार नाही. पण तिथे मराठी वाक्य कायम शेजारी उभं असे, त्यामुळे आपण काय म्हणतो आहोत हे मुलाला विसरताच येत नसे. आजच्या रूपांतराच्या तासाला ते सहज विसरता येतं.

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी नववीच्या तासाला मागे बसलो होतो. फळ्यावर सूत्र होतं: कर्म पुढे आणा, 'टू बी'चं रूप लिहा, क्रियापदाचं तिसरं रूप लिहा, 'बाय' लावा, कर्ता शेवटी टाका. पहिलं उदाहरण 'आय ईट राइस'. मुलांनी एका सुरात उत्तर दिलं, 'राइस इज ईटन बाय मी'. उत्तर बरोबर होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पण असं कोण बोलतं?" सरांनी प्रेमाने सांगितलं, की बोलायचं नाही, परीक्षेत लिहायचं. ते सर मेहनती आहेत, त्यांच्या वर्गाचा निकाल चांगला असतो. पण त्या मुलीने इंग्रजीचा खरा प्रश्न विचारला होता, आणि त्याला उत्तर आहे. असं कुणी बोलत नाही, कारण इथे कर्त्याला मागे ढकलायला काही कारणच नाही. कारण कुठे असतं? खिडकीची काच फुटली आहे आणि कुणी फोडली ते माहीत नाही, तेव्हा 'द विंडो वॉज ब्रोकन'. विज्ञानाच्या वहीत प्रयोगाची कृती लिहायची आहे, द्रावण कुणी तापवलं याला महत्त्व नाही, तेव्हा 'द सोल्यूशन वॉज हीटेड'. या दोन्ही वाक्यांत 'बाय' नाही, हेही पाहा. कर्ता सांगायचा नसतो तेव्हाच पॅसिव्ह सर्वांत जास्त लागतो, आणि आपण मुलांना शिकवतो की 'बाय' लावल्याशिवाय तो पुरा होत नाही.

प्रश्नपत्रिकेत एक सूचना हमखास असते: अर्थ न बदलता वाक्य पुन्हा लिहा. या सूचनेकडे मी तुमचं लक्ष वेधतो, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते. १९५७ साली नोम चॉम्स्की यांचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' प्रसिद्ध झालं. कर्तरी वाक्यापासून पॅसिव्ह वाक्य कोणत्या नियमाने तयार होतं, हा त्यातला एक मुख्य प्रश्न. तिथेच त्यांनी दाखवलं की रूपांतराने अर्थ तसाच राहील याची खात्री देता येत नाही. त्यांचं उदाहरण आपल्या भाषेत सांगतो. 'खोलीतल्या प्रत्येकाला किमान दोन भाषा येतात' म्हटलं, तर मला मराठी-कन्नड येत असेल, तुम्हाला हिंदी-उर्दू. तेच वाक्य उलटवून 'किमान दोन भाषा अशा आहेत की त्या खोलीतल्या प्रत्येकाला येतात' असं झालं, तर त्या दोन भाषा सगळ्यांच्या सारख्याच असल्या पाहिजेत. वाक्याच्या सुरुवातीला काय ठेवलं, यावर ऐकणारा काय समजतो ते ठरतं. रूपांतर शिकवताना शिकवायची गोष्ट ही आहे. साध्या वाक्यांत मूळ घटना बदलत नाही, हे खरं. पण कुणावर बोट ठेवलं, काय झाकलं, कशावर जोर दिला, हे दर वेळी बदलतं. म्हणून सूत्र लावून झालं की प्रत्येक वेळी मुलांना एकच प्रश्न विचारा: वाक्य बदललं, मग काय बदललं?

हे शिकवायला इंग्रजी वर्तमानपत्र मिळालं नाही तरी अडत नाही. मराठी घ्या. 'आरोपीला अटक करण्यात आली.' 'चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत.' 'नागरिकांची गैरसोय झाली.' नववीच्या वर्गाला विचारा, अटक कुणी केली, आदेश कुणी दिले, गैरसोय कुणामुळे झाली? पहिल्याचं उत्तर मुलं पोलिसांनी असं लगेच देतात. तिसऱ्यापाशी थांबतात. थांबू द्या. त्यांना कळतं की वाक्यातून कर्ता सोयीने काढला जातो, आणि कुणीतरी तो काढतं. मग इंग्रजी वाक्याकडे वळा. पॅसिव्ह व्हॉइस कशासाठी असतो, हे त्यांना पुन्हा सांगावं लागणार नाही.

इथे एका जुन्या घोटाळ्याबद्दल बोलायलाच हवं. 'कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस' असं आपण सर्रास सांगतो. मराठीत 'मुलाने चिठ्ठी लिहिली' हा कर्मणी प्रयोग, क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं. पण ते आपलं साधं, रोजचं भूतकाळाचं वाक्य आहे. बहुतेक सकर्मक क्रियापदांना या काळात दुसरी वाटच नाही. तिथे बोलणाऱ्याने काही निवडलेलं नसतं. इंग्रजीत 'द बॉय रोट अ लेटर' आणि 'अ लेटर वॉज रिटन' यांत बोलणारा निवड करतो. हा फरक न सांगता आपण दोन्ही एका दावणीला बांधतो. मग 'मुलाने'मधल्या 'ने'च्या जागी 'बाय' घालून मुलं प्रत्येक भूतकाळी वाक्याचा पॅसिव्ह करतात, आणि आपण लाल शाईने ते खोडतो. मराठीतल्या पॅसिव्हच्या जवळ जायचं असेल तर 'चिठ्ठी लिहिली गेली', 'लिहिण्यात आली' या वाक्यांपाशी जायला हवं.

असाच दुसरा अडथळा इनडायरेक्ट स्पीचमध्ये आहे, आणि तोही मराठीतूनच समजतो. 'आई म्हणाली की मी उद्या येईन.' आपल्याला हे वाक्य खटकत नाही. 'की'च्या पुढेही आईचाच 'मी' चालतो, आईचाच काळ चालतो. मूल इंग्रजीत 'मदर सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असं लिहितं तेव्हा ते निष्काळजी नसतं, आपल्या भाषेशी इमानी असतं. इंग्रजीत सांगणारा आपल्या जागेवरून सांगतो: आई 'शी' होते, 'विल'चं 'वुड' होतं, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' होतं. आपण हे तक्त्यात पाठ करून घेतो, डावीकडे 'टुमॉरो', उजवीकडे 'द नेक्स्ट डे'. पण निरोप त्याच संध्याकाळी सांगितला तर 'टुमॉरो' हा 'टुमॉरो'च राहतो, आणि आईचं येणं अजून व्हायचं असेल तर 'विल'ही राहू शकतं. तक्ता हे सांगत नाही. त्यापेक्षा वर्गात एका मुलाने सोमवारी दिलेला निरोप दुसऱ्याने बुधवारी सांगावा, तिसऱ्याने सोमवारीच सांगावा. कोण बोलतंय, कधी, कुणाला, हे डोळ्यांसमोर असलं की काळ आणि सर्वनामं बरीचशी आपोआप जागेवर येतात.

डिग्रीबद्दल फार बोलत नाही. 'मुंबईइतकं मोठं दुसरं शहर नाही', 'मुंबई इतर शहरांपेक्षा मोठी', 'मुंबई सर्वांत मोठी' ही तीन वाक्यं आपण सगळ्यांनीच फळ्यावर लिहिली आहेत. 'नो सूनर… दॅन'बद्दल एवढंच की तो कथेतला प्रकार आहे. एक गोष्ट संपते न संपते तोच दुसरी कोसळते, अशा ठिकाणी तो शोभतो. घंटा वाजली आणि मुलं घरी गेली, यासाठी 'ॲज सून ॲज' पुरे. प्रत्येक घंटेला 'नो सूनर' लावायला सांगितलं की मुलांना दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात, आणि 'नो सूनर डिड द बेल रँग' ही चूक वर्षानुवर्षं वह्यांत राहते. 'डिड'ने भूतकाळ दाखवला की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं. ही चूक अर्थाशी निगडित नाही, ती सरावानेच जाते. तो सराव जरूर करावा.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती ज्या रूपांतराकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो त्याच्याबद्दल, म्हणजे वाक्यं जोडण्याबद्दल. आपल्या मुलांचे निबंध पाहा. 'इट वॉज रेनिंग. आय वेंट टू स्कूल. माय अम्ब्रेला वॉज ओल्ड. आय गॉट वेट.' चारही वाक्यं शुद्ध आहेत, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अमेरिकेत जॉन मेलन यांनी १९६९ मध्ये वाक्यजोडणीच्या सरावावर अभ्यास प्रसिद्ध केला. १९७३ मध्ये फ्रँक ओ'हेअर यांनी सातवीच्या मुलांना व्याकरणाच्या परिभाषेचा एकही शब्द न शिकवता हा सराव दिला, आणि त्या मुलांचं लेखन सुधारलेलं दिसलं. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांच्या 'रायटिंग नेक्स्ट' या अहवालात, लेखन सुधारणाऱ्या ११ गोष्टींत वाक्यजोडणी होती. नुसतं पारंपरिक व्याकरण शिकवण्याचा लेखनाला उपयोग मात्र दिसला नव्हता. हे अभ्यास बहुतांशी अशा शाळांतले आहेत जिथे मुलांच्या कानावर घराबाहेरही इंग्रजीच पडतं. ते जसेच्या तसे आपल्या गावी उतरतील असं मी म्हणत नाही. पण त्यातली दिशा आपल्याला उपयोगी आहे. मूल दोन वाक्यं जोडतं तेव्हा त्याला ठरवावं लागतं की हे कारण आहे की परिणाम, मुख्य काय आणि दुय्यम काय. 'दो इट वॉज रेनिंग' म्हणायचं की 'बिकॉज इट वॉज रेनिंग', हे कोणतंही सूत्र सांगत नाही. ते मुलाला स्वतःच ठरवावं लागतं.

सरावाची ही रीत बदलायला दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली आपल्याच शाळेत. मराठीच्या व्याकरणातही वाक्यरूपांतर असतं. उद्गारार्थी वाक्य विधानार्थी करा, विधानार्थी प्रश्नार्थी करा. 'किती सुंदर फूल आहे हे!' याचं 'हे फूल फार सुंदर आहे' केल्यावर काय हरवलं, हे मराठीत मूल चटकन सांगतं, कारण ते त्याला कानाने कळतं. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी हा घटक एकाच आठवड्यात घेतला तर ते कान इंग्रजीच्या तासालाही जागे राहतील. यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही, शिक्षक-खोलीत दोघांनी पाच मिनिटं बोललं की झालं.

दुसरी गोष्ट प्रश्नपत्रिकेची. राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं इंग्रजी शिकलेल्या मुलाला आपण विचारतो काय, तर सूचनेप्रमाणे रूप बदल. कोणतं रूप हवं हे प्रश्नच सांगून टाकतो, विचार करायचं काम मुलाकडे राहतच नाही. त्याऐवजी चार-पाच वाक्यांचा परिच्छेद द्यावा, एक जागा रिकामी ठेवावी, खाली एकाच आशयाची दोन वाक्यं द्यावीत, एक ॲक्टिव्ह, एक पॅसिव्ह, आणि विचारावं: इथे कोणतं बसतं, का? 'का'चं उत्तर मराठीत लिहिलं तरी गुण द्यावेत. मूल्यमापन अवघड होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून मंडळाच्या परीक्षेची वाट न पाहता घटक चाचणीपासून सुरुवात करू. घटक चाचणीचा पेपर शाळेतच निघतो, तो आपणच काढतो. येत्या पहिल्या चाचणीत प्रत्येक शाळेने असा एक तरी प्रश्न घालावा, आणि मुलांनी दिलेली उत्तरं, विशेषतः चुकलेली, आपल्या जिल्ह्याच्या बैठकीत आणावीत, अशी माझी या व्यासपीठावरून विनंती आहे.

दुपारच्या सत्रासाठी तुमच्यापैकी काही जणांनी नववीच्या मुलांचे पावसावरचे परिच्छेद आणले आहेत. माझं बोलणं इथे थांबवतो. जेवणानंतर गटांत बसू, एकेक परिच्छेद मोठ्याने वाचू, आणि प्रत्येक तुटक वाक्यापाशी थांबून ठरवू की हे पुढच्या वाक्याला कसं जोडावं, आणि का.