आधीं स्वतःवर हुकूम

चार माणसांकडून काम करवून घेणाऱ्यानें प्रथम स्वतःला वळण लावलें पाहिजे. सर अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेंत याचा उत्तम दाखला मिळतो.

१९१५ च्या जानेवारींत त्यांचें ‘एन्ड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्रांतील बर्फांत अडकलें आणि ऑक्टोबरांत बर्फाच्या दाबानें फुटलें. २८ माणसें उघड्या हिमावर आलीं. ओझें कमी करणें प्राप्त होतें. शॅकल्टन यांनीं प्रथम आपल्याजवळचीं सोन्याचीं नाणीं बर्फावर टाकलीं; मग इतरांनींही आपापल्या आवडत्या वस्तूंचा मोह सोडला. निजण्याच्या उबदार कातडी पिशव्या अवघ्या १८ होत्या. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हां नायकाच्या व बड्या अधिकाऱ्यांच्या वांट्यास कमी ऊब देणाऱ्या लोकरी पिशव्या आल्या! हा निव्वळ योगायोग नव्हे, हें खलाशी उमजले.

१९१६ च्या एप्रिलांत शॅकल्टन पांच सोबत्यांसह लहानशा होडींतून मदत आणण्यास निघाले. एलिफंट बेटावर मागें राहिलेल्या २२ जणांची धुरा फ्रँक वाइल्ड यांच्याकडे आली. नायक कदाचित् आजच येतील, बिछाने गुंडाळून ठेवा, असें ते रोज सकाळीं बजावीत. महिने लोटले, पण हा नेम चुकला नाहीं. आशा टिकली ती या नित्यनेमामुळें. ३० ऑगस्ट रोजीं शॅकल्टन खरोखरच आले. बेटावरचे सर्वजण जिवंत सुटले.

कचेरींत वा कारखान्यांत प्रसंग इतका बिकट नसेल. परंतु वरिष्ठ वेळेवर येतो कीं नाहीं, गैरसोय कोणाच्या वांट्यास घालतो, हें हाताखालचीं माणसें रोज पाहत असतात. तीं हुकूम विसरतील. पाहिलेलें विसरत नाहींत.