प्लास्टर निघाल्यानंतर



नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण झाला म्हणजे मासेमारीचा नवा हंगाम सुरू होतो, हे मांडव्याच्या रहिवाशांस सांगावयास नको. त्यापूर्वी १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस बंदी असते व होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. हंगाम उघडला म्हणून कोणी जाणता तांडेल आपली होडी तडक खोल समुद्रात लोटत नाही. आधी फळ्यांच्या फटी बुजविल्या जातात, यंत्र चालवून पाहिले जाते, किनाऱ्यालगत एखादी फेरी होते आणि मगच होडी दूरच्या पाण्यात जाते. होडीच्या बाबतीत जे शहाणपण पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडले आहे, ते मोडलेल्या पायाच्या बाबतीत मात्र क्वचितच आढळते.

एक उदाहरण कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. पन्नाशीतील एक मच्छीमार बंदराच्या ओल्या पायरीवरून घसरतो व त्याचा घोटा मोडतो. रुग्णालयात हाड बसविले जाते, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघते आणि डॉक्टर सांगतात, "आता हळूहळू चालायला लागा." रुग्णालयाच्या बाहेर गर्दी असते, डॉक्टरांपाशी वेळ नसतो, आणि ‘हळूहळू’ म्हणजे नेमके किती, हे विचारावयाचे राहून जाते. घरी आल्यावर या एका शब्दाचे दोन अर्थ लावले जातात. घरात मिळवता हात तो एकच असेल, तर आठवडाभरात तो जाळे ओढू लागतो व पाय पुन्हा सुजवून बसतो. घरात कर्ते मुलगे असतील, तर "तुम्ही बसा, आम्ही करतो" असे प्रेमाने सांगितले जाते. तो ओट्यावर बसतो आणि पुढे बसूनच राहतो. वर्षभराने गाव त्याला म्हातारा म्हणू लागतो.

या दोन चुकांपैकी पहिली लवकर लक्षात येते, कारण तिच्या पाठोपाठ वेदना येते. दुसरी चूक मायेच्या रूपाने येत असल्यामुळे तिची कोठे नोंदच होत नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तर ती अधिक येते. पन्नाशीनंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. मोरीत किंवा विहिरीच्या काठावर पाय घसरून मनगट अथवा खुबा मोडण्याचे प्रकार खेडोपाडी घडतात. हाड जुळते, पण देवळापर्यंत जाणे, बाजारात जाणे, शेजारणीकडे बसावयास जाणे सुटते ते सुटतेच. तिला कोणी घरात कोंडलेले नसते. फक्त "कशाला जातेस, पडशील" असे रोज म्हटले जाते.

शरीरात काय घडते हे समजून घेतले, तर ‘हळूहळू’ या शब्दास माप देता येते. मोडलेले हाड साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांत जुळते. मोठ्या हाडांस अधिक काळ लागतो, आणि पूर्वीचा भक्कमपणा येण्यास पुढे कित्येक महिने जातात. याच काळात वापरात नसलेले स्नायू झपाट्याने रोडावतात. प्लास्टर काढल्यावर एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक दिसते, ती याचमुळे. सांधा आखडतो. पाय जमिनीवर कसा टेकला आहे, याची मेंदूस मिळणारी सूचनाही मंदावलेली असते. म्हणून तोल जाईल असे वाटते. ही भीती मनाचा दुबळेपणा नव्हे, तिला शरीराचे कारण आहे. परंतु भीतीपोटी चालणे टाळले, की स्नायू आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा संभव खरोखरच वाढतो. हे चक्र तुटते ते मोजून टाकलेल्या पावलांनी.

मोजणे अंतराने करण्याऐवजी वेळेने करावे. पहिल्या दिवसांत सपाट अंगणात पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा, एवढे पुष्कळ झाले. मग वाडीच्या बेड्यापर्यंत, मग रस्त्याच्या वळणापर्यंत. वेळ, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. किती झेपले, याचा निवाडा दुसऱ्या दिवशीच्या सकाळी होतो. चालताना थोडे दुखले आणि रात्रीपर्यंत शमले, तर चिंता नसावी. सकाळी दुखणे वा सूज आदल्या दिवसापेक्षा अधिक दिसली, तर चालणे निम्म्यावर आणावे. पूर्ण बंद करू नये. मात्र पोटरी एकाएकी सुजून तांबडी व गरम झाली, अथवा धाप लागली, तर घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. डोक्याच्या व पाठीच्या कण्याच्या दुखापतींत तर प्रत्येक पायरी डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच चढावयाची असते.

काठीच्या संबंधात एक गैरसमज सर्वत्र आढळतो. उजवा पाय दुखावला म्हणून काठी उजव्या हातात धरली जाते. वास्तविक ती डाव्या हातात, म्हणजे चांगल्या पायाच्या बाजूस हवी. दुखरा पाय आणि काठी बरोबर पुढे पडली की भार वाटला जातो. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा आधी. इतकी साधी गोष्ट शाळेतील मुलांस एकदा करून दाखविली, तर ती घरोघरी पोहोचेल.

समुद्रकाठी राहणाऱ्यास पुळणीवर फिरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण कोरड्या वाळूत पाऊल रुतते व घोट्यास प्रत्येक पावलागणिक सावरावे लागते. धडधाकट माणसासही तेथे दम लागतो. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू त्या मानाने बरी. तिलाही समुद्राकडे उतार असतो, म्हणून एकाच दिशेने लांबवर गेल्यास एका पायावर ताण पडतो. थोडे जाऊन तेवढेच परत यावे. रस्त्याने चालावयाचे तर मांडव्यात वार पाहणे आवश्यक झाले आहे. गेटवे ऑफ इंडियाहून येणाऱ्या लाँचा पूर्वीपासून होत्याच. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मोटारींसह प्रवासी आणणारी रो-रो नौका सुरू झाल्यापासून सुटीच्या दिवशी बंदराच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. काठी घेऊन चालणाऱ्याने आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर बाहेर पडणे श्रेयस्कर.

असे धीमे चालणे रटाळ असते, हे मान्य केले पाहिजे. थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना हा रटाळ भागच नेमका गाळला जातो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जबर जखमी झाले आणि कमरेखाली पांगळे झाले. मांडव्याहून पाहता खाडीपलीकडे येणाऱ्या कुलाब्यातील नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. पोहणे त्यांनी हाती घेतले ते उपचार म्हणून. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. लोकांस पदक स्मरते. जखम आणि पदक यांच्यामध्ये सात वर्षे गेली, हे स्मरत नाही. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ मधील अपघातानंतर कापावा लागला आणि जयपूर पाय लावून त्या १९८४ साली पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. चित्रपटात हा काळ काही मिनिटांत सरतो. पायात घुंगरू बांधण्यापूर्वी त्यांना नुसते चालणे नव्याने शिकावे लागले होते.

मधला काळ कसा घालवावयाचा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर हातांपाशी आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी या विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आल्या व कमला निंबकर झाल्या. अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची भारतातील पहिली शाळा सुरू केली. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाने चालते. पुढे १९५५ साली मुंबईत हाजीअली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. व्यवसायोपचाराचे सूत्र असे, की निरर्थक हालचाल शंभर वेळा करावयास माणूस कंटाळतो, पण त्याच हालचालीतून काही वस्तू निर्माण होत असेल तर तो ती आपखुशीने दोनशे वेळा करतो. विणकाम, सुतारकाम, मातीकाम हे त्या दृष्टीने विरंगुळ्याचे साधन खरे, पण औषधही आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर अशा औषधांची वाण नाही. मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर बोटांची वीण परत बसविण्यास जाळ्याची दुरुस्ती उत्तम. सुई लहान, दोरा हलका, आणि काम बसल्या जागी होते. नारळाच्या झावळ्यांचे झाप विणणे त्याहून जड, कारण त्यात दंडाचा व खांद्याचा जोर लागतो. हीर सोलून खराटा बांधणे या दोहोंच्या मधले. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणाऱ्या स्त्रियांची बोटे पाहिली, तर आणखी निराळ्या व्यायामाची आवश्यकता भासू नये. तात्पर्य, कामाच्या चढत्या पायऱ्या गावात आयत्याच आहेत. त्या दुखावलेल्या माणसापुढे योग्य क्रमाने ठेवावयाच्या एवढेच. विकण्यासाठी किती झाले, हे पहिले दोन महिने विचारू नये. ते विचारले, की पुन्हा घाई आली.

मातीचे काम तर या परिसराचे भूषण आहे. पेणच्या गणेशमूर्ती सर्वविदित आहेत. मांडव्याच्या शेजारचे सासवणे हे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे जन्मगाव. १८९१ साली जन्मलेल्या या मुलाने देवळाच्या भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत पाठविण्याची व्यवस्था केली. पुण्यातील १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा करमरकरांचाच. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. चालणे पूर्ववत होत आलेल्या माणसास पहिला लांबचा पल्ला म्हणून या संग्रहालयाइतके चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही. जाताना चालावे, आत निवांत बसावे, येताना वाहनाने परतावे. ओल्या मातीचा गोळा मळणे हा आखडलेल्या हातास सौम्य व्यायाम असल्यामुळे, शाळेत गणपती घडविले जातात त्या दिवसांत अशा एखाद्या व्यक्तीस मुलांसोबत बसविले, तर दोघांचाही लाभ होईल.

ज्याला अजून चालताच येत नाही, त्याने काय करावे? त्याचेही उत्तर जवळच आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीहून शिकून परतले, तेव्हा त्यांची मुंबईतील नोकरी राहिली नव्हती. १९३० साली ते किहीमला येऊन राहिले. ती दुखापत शरीराची नव्हे, उपजीविकेची होती. पण रिकामपण तेच. पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांसमोर तासन् तास बसून त्यांनी जे टिपले, त्यातून त्या पक्ष्याचे कुटुंबजीवन प्रथमच नीट उलगडले. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तर संसार थाटते, आणि नर लगेच दुसरे घरटे विणावयास घेतो. यासाठी लागली ती एक जागा, एक वही आणि सवड. सक्तीने बसावे लागलेल्या माणसाजवळ यांतील निदान सवड तरी असते. विहिरीवरच्या सुगरणीची घरटी कोणत्या तारखेस किती झाली, याची नोंद त्याने ठेवावी व शाळेच्या भित्तिपत्रकावर ती लागावी. बाहेर येऊन बसण्यास कारण मिळाले, की उठून चार पावले चालण्यासही मिळते.

पंचायतीकडून यात फार खर्चाची अपेक्षा नाही. ग्रामपंचायतींनी स्वनिधीच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. त्यातून देवळाच्या व दवाखान्याच्या पायऱ्यांना कठडा आणि उतरण झाली, तर तिचा उपयोग प्लास्टरमधून नुकत्याच सुटलेल्यासही होतो. मुख्य रस्त्यालगत शंभर-शंभर पावलांवर सावलीत बसण्याजोगा एकेक कट्टा असावा. थकल्यास टेकता येईल, हा भरवसा असला म्हणजे माणूस घराबाहेर पडतो. कट्टा नसेल तर परतीच्या वाटेच्या धास्तीने तो जातच नाही. आशा कार्यकर्तीने बाळंतिणींप्रमाणे प्लास्टर निघालेल्यांचीही यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा एकच प्रश्न विचारावा: आज कोठपर्यंत गेला होतात?

ज्या ओल्या पायरीवरून तो मच्छीमार घसरला, तिची पाळी सर्वांत शेवटी येते. सपाट रस्ता, मग चढ, मग ओली वाळू, मग कोरडी वाळू, आणि त्यानंतर बंदराच्या पायऱ्या. त्याही प्रथम कोरड्या असतील तेव्हा, शेवाळ टाळून, भिंतीच्या बाजूने, आणि खाली कोणी जाणता माणूस उभा असताना.