नित्य लेखन हीही एक उपासनाच
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



देवाची सेवा म्हटली की पूजा, भजन, पारायण, अन्नदान एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु रोज चार ओळी श्रद्धेने लिहिणे हीदेखील सेवाच आहे, आणि ती या महाराष्ट्रात फार जुनी आहे.

नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. माउली ज्या खांबाला टेकून बसले, असे मानतात, तो खांबच तेथे पूजेत आहे आणि त्याच्याभोवती मंदिर उभे आहे. माउलींनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. ग्रंथाच्या शेवटी या लेखकाचे नाव आदराने आलेले आहे. सांगणारा एवढा थोर, तरी लिहिणाराला विसरला नाही! पुढे नकला होता होता पाठात चुका शिरल्या, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. नाथ स्वतः केवढे कवी! पण आपली एकही ओवी त्यात घातली नाही, आणि दुसऱ्या कोणी घालू नये म्हणून बजावून ठेवले.

समर्थांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समासच लेखनाला दिला. अक्षर वाटोळे, सुटे व काळेभोर असावे, ओळी सरळ असाव्यात, पहिले अक्षर जसे तसेच शेवटपर्यंत असावे, असे त्यांचे सांगणे. वरवर पाहता ही कारकुनी वाटेल. पण ज्याने दिवसभर लेखणी चालवली आहे त्याला ठाऊक असते, की पहिले पान सगळेच चांगले लिहितात. दोनशेव्या पानावर अक्षर तेच राहिले तर समजावे की मन ठिकाणावर आहे.

आता संताजी महाराज जगनाडे यांचे पाहा. घरचा धंदा तेलाचा. दिवसभर घाण्याचे काम, आणि त्यातून तुकोबांचे अभंग वहीत उतरवून घेण्याचे व्रत. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस नकलकार लिहीत, की पाठ, कंबर, मान मोडून हे लिहिले आहे, तरी तेलापासून, पाण्यापासून व ढिल्या बांधणीपासून याला जपा. ज्याचे हात सदा तेलात त्यानेच अभंगांच्या वह्या जपल्या! पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वहीवरून तुकोबांचा गाथा छापला. सुदुंबरे येथे संताजींची समाधी आहे.

एवढी थोरवी सर्वांच्या वाट्याला कोठून येणार? पण लिखित जप कोणालाही करता येतो. पहाटे दिवा लावून वहीचे एक पान रामनामाने भरणाऱ्या आजीबाई गावोगाव आढळतात. कित्येकींची शाळा दुसरी-तिसरीतच सुटलेली. पुस्तक वाचायचे तर अडखळतात, पण नाम लिहिताना हात अडत नाही. कोणी पान संपल्यावर खाली एक ओळ जास्तीची लिहिते, पाऊस झाला, सून सुखरूप बाळंत झाली, कर्ज फिटले. मागण्याची ओळ क्वचित, मिळाल्याची अधिक. बोललेली प्रार्थना वाऱ्यावर जाते, मात्र लिहिलेली दहा वर्षांनी पुन्हा हाती येते आणि देवाने काय काय दिले ते तारीखवार दाखवते. अशा वह्या देवळाच्या पायात ठेवण्याचीही चाल आहे.

आज मात्र घर नवे बांधताना जुने बासन पहिले बाहेर पडते. कसर लागली म्हणून कोणी नदीत सोडतो, कोणी रद्दीत घालतो. घरातल्यांना वाटते, छापील पोथी बाजारात मिळते, ही कशाला? आजीच्या हातची मात्र बाजारात मिळत नाही.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर किंवा देव्हाऱ्याखाली असे काही असेल, त्यांनी ते उतरवून अलगद झटकावे, सावलीत वारा द्यावा, कोरड्या सुती फडक्यात घट्ट बांधावे. आणि बांधण्यापूर्वी शेवटचे पान उघडून पाहावे. लिहिणाऱ्याचे नाव आणि मिती बहुधा तेथेच असते.